पणजीचं लग्न कुठल्या साली झालं?

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. ते काम बघणाऱ्या काकांनी तक्ता पाठवला, त्यात पणजोबांच्या नावापुढे दोन रकाने रिकामे: विवाह शके आणि पत्नीचं माहेरचं नाव. "बघ काही सापडतंय का," म्हणाले. मला वाटलं आठवड्याचं काम आहे. सात महिने गेले.

पहिल्यांदा आत्याकडे गेले. तिचं उत्तर तयार होतं. "1930. सारडा कायदा लागायच्या आत उरकलं म्हणे." तो कायदा 1 एप्रिल 1930 ला लागू झाला आणि मुलीचं लग्नाचं वय किमान 14 ठरलं, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. कागद कुठायत विचारलं तर म्हणाली, "पानशेतात गेले." नारायण पेठेतल्या घरांत हे उत्तर हमखास मिळतं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा आत्या आठ वर्षांची होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर आत चिखलाचा लगदा आणि त्याला चिकटलेली जर.

मग सरकारी दारं. एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. दर वेळी वेगळी खिडकी, वेगळा अर्ज. शेवटी एका वयस्क कारकुनाने खरं काय ते सांगितलं. "ताई, अंतरपाट दूर झाला की लग्न झालं. नोंदवायला जायचं कोण?" मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदाच मुळी 1953 चा. हे पहिल्या खिडकीवर सांगितलं असतं, तर माझ्या दोन रजा वाचल्या असत्या. जन्माच्या नोंदीत आजोबा मात्र सापडले, 1931 चे. पण त्यावरून लग्नाचं साल काही ठरेना.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडेही जाऊन आले. त्यांनी गाव आणि आडनाव विचारलं, बाड काढलं आणि दहा मिनिटांत पणजोबांची सही पुढ्यात ठेवली. अंगावर काटा आला. वडील, भाऊ, मुलगे सगळे होते. बायको 'लक्ष्मी'. म्हणजे सासरचं नाव, जे आम्हाला माहीतच होतं.

परतताना बसमध्ये लक्षात आलं की मी चुकीच्या घरात शोधतेय. लग्न लावून देतो मुलीचा बाप. खर्च त्याचा, म्हणजे हिशेबही त्याच्याकडे. पणजीच्या माहेराबद्दल आत्याला पुन्हा खोदून विचारलं. "अगं, सासवडचे मामा यायचे की, अंजिरांची टोपली घेऊन!" आडनाव आठवायला तिला दोन दिवस लागले. मग लग्नकार्यातल्या ओळखींतून मामांच्या नातसुनेपर्यंत पोचले. वहिनींनी माळ्यावरून एक लांबट वही काढून दिली. "मोडी आहे, आम्हाला कुणालाच येत नाही. पण टाकवत नाही."

कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना फुरसत नाही. एका निवृत्त गुरुजींसाठी तीन आठवडे थांबले. त्यांनी भिंग लावलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, हात सहसा न उचलता. मला ते गांडुळांची रांग वाटत होतं. गुरुजी मात्र भाजीची यादी वाचावी तसं वाचत होते. हळद, खोबरं, पत्रावळी. वाजंत्री 7॥, म्हणजे साडेसात रुपये. जावयास उपरणे. मग पानाच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाले, "शके 1849, प्रभवनाम संवत्सर, वैशाख वद्य." शकात 78 मिळवायचे, आणि तिथी 1 जानेवारीनंतरची असेल तर 79. म्हणजे मे 1927. कायद्याच्या तीन वर्षं आधी!

खाली 'चि. सौ. कां. गोदु'. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे गोदू की गोदु हा प्रश्नच नाही. पण ही आमचीच पणजी कशावरून? दुसरी बहीणही असू शकते. पुढच्या ओळीत ते मिटलं: नवऱ्यामुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि 'वस्ती पुणे, पेठ नारायण'. हा काही कायदेशीर दाखला नव्हे, पण कुलवृत्तांताला चालतो.

फोटो घेऊन आत्याकडे गेले. साल ऐकून ती जरा घुश्शातच होती. "असेल बाई. आम्हाला तर 30 च सांगितलं होतं." मग नाव सांगितलं. ती चष्मा काढून गप्प बसली.

"मामा तिला गोदे म्हणून हाक मारायचे," म्हणाली. "ती ओ द्यायची. आम्हाला वाटायचं, चिडवतायत."