आधी पदकर्त्याचं नाव

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण घरी आलं तेव्हा मी कार्यक्रमासाठी बाहेरगावी होते. मुलानं फोटो काढून पाठवला. खाली ओळ होती, 'आपलं मनोगत स्मरणिकेसाठी पाठवावं.' कशावर लिहू असा प्रश्न मला पडलाच नाही. मला सरांवर लिहायचंय. कुठले सर, हे आमच्या वेळच्या मुलामुलींना सांगायला नको. नववी-दहावीला मराठी शिकवायचे आणि संमेलनात पायपेटीवर बसायचे तेच. बाकीच्या गुरुजनांचेही माझ्यावर उपकार आहेत, त्यांनी राग मानू नये. पण आज मी जे काही करते आहे, ते सगळं सरांच्या एका वाक्यापासून सुरू झालं.

सरांचा नाटकाचा तास आठवतो का? पुस्तकात एखाद्या संगीत नाटकातला उतारा असायचा पानभर. सर मात्र आपलं जुनं, पिवळं पडलेलं, दोऱ्यानं शिवलेलं नाटकाचं पुस्तक घेऊन यायचे आणि उताऱ्याच्या आधी पदाच्या डोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावायचे. राग अमुक, ताल तमुक, आणि कंसात 'चाल' म्हणून कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याची पहिली ओळ. ही ओळ आम्ही सगळे गाळूनच वाचत असू. सर थांबवायचे. "हीच वाच. नाटककारानं आधी ही चाल ऐकली, मग तिच्यावर शब्द बसवले." नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी चाली कुठून कुठून उचलल्या ते ते गाऊन दाखवायचे. कीर्तनातून, लावणीतून, बायकांच्या ओवीतून, कानडी पदांतून. साकी आणि दिंडी या दोन जुन्या वृत्तांतला फरक मला व्याकरणाच्या पुस्तकातून कधीच कळला नव्हता. सरांनी टेबलावर खडूनं ठेका धरून दोन्ही म्हणून दाखवल्या, आणि तो आजही कानात आहे.

आता तो संमेलनाचा प्रसंग. कदाचित माझ्याशिवाय कुणाला आठवतही नसेल.

१९८३ सालचं संमेलन. मी नववीत. जुन्या सभागृहात लाकडी रंगमंच होता, उजव्या विंगेजवळची फळी पाय पडला की वाजायची. निवेदन माझ्याकडे होतं. दहावीतली एक ताई 'एकच प्याला'मधलं 'कशी या त्यजू पदाला' म्हणणार होती. मी आठ दिवस निवेदन पाठ केलं होतं. पुढे आले आणि ठसक्यात म्हणाले, "आता ऐकू या, राम गणेश गडकरी यांचं अजरामर पद." टाळ्या झाल्या. ताईनं डोळे मिटले. आणि पेटीचा सूर येईचना.

सर पायपेटीवर बसले होते. डाव्या बाजूची पायाखालची फळी सुतळीनं बांधलेली, तिच्यावर पाय ठेवलेला, पण हलत नव्हता. हात मांडीवर. सभागृह गप्प. मला वाटलं पेटी बिघडली. मी जवळ गेले तर सर हळूच म्हणाले, "नाटक गडकऱ्यांचं. पद गुर्जरांचं आहे. विठ्ठल सीताराम गुर्जर. जा, सांग."

मी पुन्हा माइकपाशी गेले. पाय कापत होते. "क्षमा करा, या पदाचे कवी आहेत विठ्ठल सीताराम गुर्जर," असं म्हणाले. मागे वळून पाहिलं तर सरांचा पाय हलला, भात्यात हवा भरल्याचा तो ओळखीचा आवाज आला आणि काळी चारचा सूर सभागृहात पसरला. पद संपल्यावर सर माझ्यावर रागावले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावून डब्यातली चकली दिली आणि समोर बसवलं. म्हणाले, "एकाच्या कष्टावर दुसऱ्याचं नाव लागलं की तो माणूस पुन्हा एकदा मरतो गं."

त्या मधल्या सुट्टीत मी गडकऱ्यांविषयी जे ऐकलं, ते पुढे कितीतरी व्याख्यानांत ऐकलं, पण तसं कुणी सांगितलं नाही. ऐन उमेदीत, नाटक कंपनीतल्या पोरांना शिकवण्याचं काम केलेला हा माणूस. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेला, चौतिशीही गाठली नव्हती. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, बडोद्याला. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची सिंधू, म्हणजे नाटकाची नायिका, सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली, ती लिहिणाऱ्यानं नाही पाहिली. पदं गुर्जरांनी रचली. गुर्जर म्हणजे त्या काळातले गाजलेले कथालेखक. चालींसाठी बालगंधर्वांना गायिका सुंदराबाई जाधवांच्या गळ्याचा आधार झाला. "एका पदात किती माणसं आहेत बघ," सर म्हणाले, "आणि आपण एकाचंच नाव घेतो."

त्यांनी मग नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचंही तसंच सांगितलं. देवलांनी 'फाल्गुनराव' हे आपलं गद्य नाटक घेऊन त्यात पदं घातली आणि 'संशयकल्लोळ' केलं. १९१६ च्या जूनमध्ये देवल गेले. नाटक बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं ऑक्टोबरमध्ये लावलं. आजही ज्या नाटकाला लोक पोट धरून हसतात, त्याला पदांसकट हसणारा पहिला प्रेक्षक त्याच्या कर्त्याला दिसला नाही. सर हे सांगताना चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायचे. वर्गात आम्ही पोरं एकमेकांकडे बघायचो. आता मी स्वतः कार्यक्रमात हे सांगते तेव्हा माझाही आवाज तसाच अडकतो.

पण सरांचा खरा जीव होता तो अण्णासाहेब आणि देवल यांच्या नात्यावर. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब देवलांचे शिक्षक. म्हणजे मराठी संगीत नाटकाची सुरुवात करणारा माणूस शाळामास्तर होता आणि त्याच्या वर्गात 'शारदा' लिहिणारा मुलगा बसलेला होता! सरांना हे सांगताना केवढा अभिमान वाटायचा. अण्णासाहेब पुढे सरकारी नोकरीत गेले, पुण्यात पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' पाहून त्यांच्या मनानं घेतलं की असं मराठीत व्हायला हवं. ३१ ऑक्टोबर १८८० ला 'शाकुंतल'चे पहिले चार अंक आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. दोन वर्षांनी 'सौभद्र'. नोव्हेंबर १८८५ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी गुर्लहोसूरला देह ठेवला, 'रामराज्यवियोग' अपुरं राहिलं. पाच वर्षांत एका माणसानं एवढं केलं आणि पुढची तालीम मास्तरकी त्याच्या विद्यार्थ्यानं केली. मी आज पंचावन्न वर्षांची आहे. अण्णासाहेबांपेक्षा तेरा वर्षं जास्त जगले, हे मनात आलं की सरांचा तो तास आठवतो.

'शारदा' शिकवताना एकदा वर्गातल्या कुणीतरी म्हटलं होतं, बालविवाहाचा शारदा कायदा या नाटकावरूनच आला ना? सर खूश झाले, पण चूक तशीच राहू दिली नाही. नाटक १८९९ चं, कायदा १९२९ चा आणि त्याला नाव मिळालं ते हरबिलास सारडा यांचं. "नाव योगायोगानं जुळलं. पण तीस वर्षं आधी एका नाटककारानं तोच प्रश्न पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांसमोर मांडला होता, हे मात्र योगायोगानं झालं नाही." हा फरक आजही मोठमोठ्या व्यासपीठांवर चुकतो. मी दर वेळी उभी राहून सांगते.

संगीतकारांविषयीही सर असंच बोलायचे. खाडिलकरांनी 'मानापमान' लिहिलं, १९११ साली ते आलं, पण त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. नाटककाराहून वेगळ्या माणसानं पदांना चाली द्यायच्या ही रीत खऱ्या अर्थानं तिथून रुजली, असं सरांचं म्हणणं. त्यांच्याच 'स्वयंवर'च्या वेळी गवई भास्करबुवा बखल्यांनी आपल्या जवळच्या बंदिशी काढून दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांच्यावर शब्द चढवले. 'केसरी'त अग्रलेख लिहिणारा, 'कीचकवध'वर सरकारनं बंदी घातलेला तो करारी लेखक बंदिशीच्या मात्रा मोजत बसला असेल, हे चित्र सर आमच्यापुढे उभं करायचे. पुढचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी तर सरांच्या तरुणपणातले. १९६४ चं 'मत्स्यगंधा' आणि १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली' ही दोन्ही त्यांनी पाहिलेली. "संगीत नाटक संपलं म्हणत होते, तेव्हा मंगेशीहून आलेल्या या माणसानं लोकांना पुन्हा नाट्यगृहात बसवलं," असं म्हणून ते पेटीवर एखादा मुखडा वाजवायचे आणि घंटा झाली तरी थांबायचे नाहीत.

शाळा सोडल्यावर मी बी.ए. झाले, बँकेत लागले. बँकेतल्या एका निवृत्ती समारंभात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता, निवेदक आला नाही, मी उभी राहिले. तिथून जे सुरू झालं ते आजवर. साडेतीनशेच्या वर कार्यक्रमांचं निवेदन केलंय, पुणे-मुंबई, सांगली, गोवा, बेळगाव, इंदूरपर्यंत. प्रत्येक पदाच्या आधी मी नाटक, पदकर्ता, चाल कुणाची, हे सगळं सांगते आणि गायकाचं नाव शेवटी. सुरुवातीला आयोजक म्हणायचे, बाई, एवढं कशाला, लोकांना गाणं ऐकायचंय. मी ऐकलं नाही. आता लोकच येऊन विचारतात. घरी माझ्याजवळ अकराशेच्या वर पदांची वही आहे. राग, ताल, मूळ चाल, कवी, संगीतकार, पहिला प्रयोग. जे पक्कं मिळालं नाही, ती जागा कोरी ठेवली आहे. अंदाजानं नाव घालायचं नाही हेही सरांचंच.

दहा वर्षांपूर्वी मी हिराबाई पेडणेकरांवर एक कार्यक्रम लिहिला. सावंतवाडीची, कलावंत घराण्यातली बाई. कोल्हटकर, देवल, गडकरी यांच्या काळात, त्यांच्या ओळखीत राहून नाटकं लिहिली. 'संगीत दामिनी' १९१२ मध्ये केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' या नाटक कंपनीनं रंगभूमीवर आणलं. पुढे सगळं सोडून गुहागरजवळच्या पालशेतला राहिली, १९५१ मध्ये तिथेच गेली. पालशेतला जाऊन आले आणि संहिता घेऊन आधी सरांकडे गेले. तेव्हा सरांची ऐंशी उलटली होती. कान मंद झालेले. मी मोठ्यानं वाचत होते, ते मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर काही बोलले नाहीत. उठले, कपाटातून ती आपली जुनी वही काढली, ज्यात सगळ्या नाटककारांची यादी होती, १९१२ च्या पानावर दोन ओळींच्या मधे जागा करून थरथरत्या हातानं हिराबाईंचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "हे मी तुम्हाला शिकवायला हवं होतं." मी त्यांच्या पाया पडले. त्यानंतर दोन वर्षांनी सर गेले.

गेल्या वर्षीच्या संमेलनाची चित्रफीत कुणीतरी आमच्या ग्रुपवर पाठवली होती. मुलं छान नाचली, पोशाखही सुंदर. पण सगळं वाजवलेल्या गाण्यांवर. एकही मूल स्वतःच्या गळ्यातून गात नव्हतं आणि एकाही गाण्याच्या आधी कवीचं नाव नव्हतं, संगीतकाराचं तर नाहीच. नांदीही नव्हती. जुना लाकडी रंगमंच गेला याचं मला एवढं वाईट वाटत नाही, नवं सभागृह मुलांना हवंच होतं. पण ज्या शाळेत एका पदकर्त्याच्या नावासाठी पाचशे माणसं सुराची वाट बघत बसली, तिथे हे बघवलं नाही. आजच्या शिक्षकांना मी हात जोडून सांगते, एक तरी नाट्यपद ठेवा. मुलांना साथ हवी असेल, माहिती हवी असेल, तर मी येईन. मानधन नको.

महोत्सवाच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे दिलंय, त्याबद्दल समितीची ऋणी आहे. दहावीतली ती ताई आता आजी झाली आहे, तिच्याशी फोनवर बोलणं झालं, ती येते आहे आणि तेच पद म्हणणार आहे. माझी एकच विनंती आहे. सरांची पायपेटी ग्रंथालयावरच्या माळ्यावर आहे असं शिपाईमामांच्या मुलानं सांगितलं. ती खाली काढावी. भाता फाटला असेल, सूर बसले असतील, तर दुरुस्तीचा सगळा खर्च मी करते, कारागीरही बघून ठेवला आहे. फक्त डाव्या फळीची सुतळी कुणी सोडू नये.