कुठं आहेस, ते विचारायचं नाही

८ मे २०२५, गुरुवार

परवा मध्यरात्र उलटल्यावर आपल्या सैन्यानं पलीकडच्या दहशतवाद्यांच्या नऊ तळांवर हल्ले केले. तेव्हापासून ताबारेषेवर तोफा थांबलेल्या नाहीत. पूंछमध्ये गोळे पडून लहान लेकरंही गेली. आमचा मुलगा त्याच बाजूला कुठंतरी आहे.

कुठंतरी, एवढंच मला ठाऊक. पार्सलवर पत्ता लिहिते तो ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा. त्यावरून ना गाव कळतं ना डोंगर. भरती झाला तेव्हाच त्यानं बजावलं होतं, "आई, मी कुठं हाय ते फोनवर कधी विचारायचं नाही." विचारत नाही. जेवलास का, झोप होते का, थंडी आहे का, एवढंच बोलते आणि त्याच्या आवाजावरून बाकीचं ओळखते. दमलेला असला की 'हां आई' मधला 'हां' लांबतो.

२२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. तेव्हा तो घरीच होता. धाकटीच्या लग्नासाठी रजा काढून आला होता, मंडपवाल्याशी भाव करत फिरत होता. बातमी बघितली आणि जेवता जेवता गप्प झाला. मला तेव्हाच कळलं, ही रजा आता पुरी होत नाही. बोलावणं आलं तसा दौंडहून झेलम एक्सप्रेस पकडायला निघाला. मी दोन दिवस उखळावर बसून शेंगाचटणी कुटली. मिक्सरची त्याला चालत नाही. शेंगा, लसूण, तिखट, मीठ, आणि दाण्याचं तेल सुटून चटणी बोटाला चिकटेपर्यंत कुटायची. डबा मोठाच दिला, कारण उघडला की सगळी पलटण हात घालते म्हणे. कडक भाकरीही दिली. जाताना म्हणाला, "लग्नाची तारीख हलवू नका."

परवापासून फोन लागत नाही.

९ मे, शुक्रवार

रात्री एका वाहिनीवर कराचीचं बंदर उडवलं म्हणून सांगत होते. मागे भोंगे वाजत होते, पडद्यावर आगीचे लोळ. सकाळी कळलं, तसं काही झालेलंच नाही. ज्या घरातलं माणूस तिथं उभं आहे, त्या घरात अशी खोटी बातमी काय करते, याचा विचार कुणी करावा की नाही? हे रात्रभर अंगणात फेऱ्या मारत होते. एसटीत आयुष्यभर घाटातून गाडी चालवलेला माणूस, एरवी घाबरत नाही.

खरी माहिती ऐकायची तर सरकारच्या पत्रकार परिषदेत बोलणाऱ्या त्या दोन बाईसाहेबांची. कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह. शांतपणे, मोजकं सांगतात. त्या बोलत असल्या की मी हातातलं काम ठेवून ऐकते.

कारखान्यात टॉवेलला शिलाई मारताना आज एकजण म्हणाला, थांबायचं नाही, आता लाहोरच घ्यायला पाहिजे. मी मशीन थांबवली. म्हटलं, दादा, लाहोरला चालत कोण जाणार? माझा पोरगा जाईल. सांगितलं तर एका शब्दानं मागं सरणार नाही, आणि मीही त्याला ये म्हणणार नाही. पण क्रिकेटची मॅच असल्यासारखं बोलू नका. तो बिचारा ओशाळला. वाईट माणूस नाही तो. त्याच्या घरचं कुणी तिथं नाही, एवढंच.

येताना भैय्या चौकातून आले. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता स्मारक केलंय. १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला पाच डॉक्टर गेले, त्यातले एक आपल्या सोलापूरचे. तिकडे असताना इथं वडील वारले, तरी काम सोडून आले नाहीत. १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेले, वय अवघं ३२. शाळेत असताना आम्ही त्यांचं मोठेपण पाठ केलं. आज मात्र मला त्या घरातली माणसं दिसली. त्या काळी चीनहून पत्र यायला किती दिवस लागत असतील, आणि आलेल्या पत्रातली खुशाली तोवर शिळी झालेली. मला तर चार दिवस फोन नाही तर घास उतरत नाही.

१० मे, शनिवार

संध्याकाळी पाचपासून युद्ध थांबलं म्हणून जाहीर झालं. सिद्धरामाला हात जोडले. रात्र पडेपर्यंत पुन्हा जम्मू-श्रीनगरकडे ड्रोन आल्याच्या बातम्या. साखर वाटायला काढली होती, ती डब्यात परत ठेवली.

बातम्यांत भोंगे वाजवू नका असं सरकारनं वाहिन्यांना सांगितलंय म्हणे. फार बरं केलं.

१२ मे, सोमवार

फोन आला. दुपारी, मी भांडी घासत होते. राखेच्या हातानंच उचलला.

"आई, जेवलीस का?" हे त्यानं मला विचारलं! मी काही बोललेच नाही थोडा वेळ. आवाज बसलेला होता, पण 'हां' लांबत नव्हता. "मी बरा हाय. समदे बरे हायत. चटणी संपली."

रजेचं विचारलं. आता काही नाही, म्हणाला, लग्नाला जमायचं नाही. धाकटीनं फोन ओढून घेतला आणि रडत विचारलं, कानपिळीला कोण उभं राहणार? तर म्हणतो, चुलतभावाला उभं कर, पण कान जोरात पिळायला सांग, माझ्या वाटणीचा. आणि नवऱ्या मुलाला कानपिळीचे कपडे माझ्याकडून, पैसे पाठवतोय, आईला फडकुलेंच्या दुकानात नको नेऊस, तिथं ती भावच करत बसते.

उद्या जाऊन कापड बघते. शेंगाही आणायच्यात.