प्रेसला लागला म्हणजे सुटला

आमच्या वेळी नाशिकरोडला यशाची व्याख्या एकदम सोप्पी, पोरगा प्रेसला (नोटांच्या सरकारी छापखान्यात) लागला म्हणजे सुटला, आणि प्रेसला नाही तर ओझरला विमानाच्या कारखान्यात. नववीत ‘मी कोण होणार’ या निबंधात निम्म्या वर्गाने हेच लिहिलेलं, शेवटी देशसेवा वगैरे चिकटवलेली (मी पण).

मराठीचे सर वह्या परत देताना काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खाकी कव्हर घातलेली तीन पुस्तकं आणून टेबलावर ठेवली, आळीपाळीने न्या म्हणाले.

पहिलं ‘बनगरवाडी’, 1955 चं. काळ संस्थानी, शाळा पार धनगरांच्या वाडीत पोचलेली, कोवळा मास्तर गावाला धरून तालीम उभी करतो. मला वाटलं आता ह्याला बढती तरी मिळणार, तर दुष्काळ पडतो आणि गावच उठून जातं. ‘कोसला’ 1963 चं, त्यातला पांडुरंग पुण्याला शिकायला जातो आणि काहीच न होता घरी परत येतो. खरं सांगतो, निम्मं डोक्यावरून गेलं, फक्त महिनाभर आम्ही त्या पांडुरंगासारखं वाक्यावाक्यात ‘उदाहरणार्थ’ घालत फिरलो.

तिसरं बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’, तेही 1963 चंच. बागूल जन्मले विहितगावला, म्हणजे आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं, आणि हे तोवर कोणी सांगितलंच नव्हतं! त्यातल्या त्याच नावाच्या कथेतला माणूस रेल्वेत लागतो, म्हणजे आमच्या हिशोबाने सुटलेलाच की. पण तिथे जात लपवून राहतो, आणि कळल्यावर सोबतचेच लोक त्याला मारतात. जिन्यात बसून वाचत होतो, मधल्या सुट्टीची घंटा झालेली कळलीच नाही.

पुढे मीही नोकरीला लागलो, प्रेसला नाही पण सरकारीच, परगावी. खोली बघायला गेलो तर घरमालकांनी नाव विचारलं. मी माझं सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि थांबलो. शर्टाच्या खिशात शिक्क्याची ऑर्डर होती, हात उगाच तिकडे गेला.

“आडनाव?”

सांगितलं. मग त्यांना एकदम आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवलीय. दोन महिने मित्राकडे सतरंजीवर काढले.

सरांना पत्रात एवढंच कळवलं होतं की नोकरी लागली. खोलीचं इथे पहिल्यांदाच लिहितोय.