सायलीचं मुंडन
मी पुण्यात एका व्हेटच्या दवाखान्यात ग्रूमिंग करते, नऊ वर्षं झाली. कुत्री जास्त येतात, मांजरं कमी, पण मांजरांत बहुतेक पर्शियनच, कारण आपलं साधं मांजर स्वतःचं स्वतः चाटूनपुसून चकाचक राहतं, पर्शियनला ते जमत नाही. आत कापसासारखा अंडरकोट, वर हे लांब केस, एवढीशी जीभ पुरणार कुठे.

मे महिना, दुपारचे साडेबारा. एक ताई आल्या, सोबत त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशी, बास्केट मावशींच्या हातात. आत सायली, क्रीम कलर, सात वर्षांची, डॉल फेस, म्हणजे नाक पंच फेससारखं आत गेलेलं नसतं ते. ताई म्हणाल्या, "चावायला लागलीय हो हल्ली, डिप्रेशन आलं असेल का?"

पर्शियन मुळात थंड डोक्याची जात. दिवसभर सोफ्यावर उशीसारखी पडून, आवाज बारीक, उड्याबिड्या फार नाहीत. अशी मांजर चावायला लागली की मी आधी काख बघते. हात घातला आणि कळलंच, काखेत, कानांमागे, पोटावर, मागच्या पायांमधे नुसती जट, कंगवा सोडा, बोट जाईना. काखेत जट असली की प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते, त्यात कुणी उचलायला गेलं की ती फाडणार नाही तर काय करणार. डोळ्यांखाली तपकिरी ओघळ वाळून कडक झालेले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईंच्या घरातल्या आजी रोज दुपारी सिरीयल बघत बघत तिला मांडीवर घेऊन विंचरायच्या, डोळे पुसायच्या. मार्चमधे आजी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या मुलाकडे मुंबईला गेल्या. दोन महिने कंगवा नाही. मग "आमच्या ह्यांनी" गुंता सुटावा म्हणून शाम्पू लावून आंघोळ घातली, आणि तिथेच घात झाला. आधी गुंता सोडवायचा मग पाणी, उलटं केलं की केसांचं घोंगडं होतं. पुढे ताई कात्री घेऊन बसल्या होत्या तर मावशींनी हात धरला म्हणे. देव पावला. मांजराची कातडी कागदासारखी, जटेबरोबर वर उचलली जाते आणि केस समजून आपण तीच कापतो, असली टाके घालायची केस आमच्याकडे अधूनमधून येतेच.

डॉक्टरांनी तपासलं. सकाळीच खाल्लेलं होतं म्हणून भूल नको म्हणाले, सावकाश कर, चिडली की थांब. या जातीत किडनीत गाठी होण्याचा आजार आईबापाकडून येतो, म्हणून नंतर सोनोग्राफी करून घ्या असं ताईंना सांगून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

सायलीला मावशींनी धरलं, दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. केस काढायच्या मशीनला दहा नंबरचं ब्लेड, ते कातडीला आडवं टेकवून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, आणि ब्लेड तापतं म्हणून दर दोन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं. पोटावर तर जीव मुठीत, स्तनांची टोकं केसांत दिसतच नाहीत. मधे एकदा तोंड उघडून धापा टाकायला लागली, तेव्हा सगळं बंद करून पंधरा मिनिटं एसीत नुसते बसलो. मांजर कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं तर ते नॉर्मल नसतं. उजवी काख मोकळी झाली तशी तिने पुढचा पाय असा लांब ताणला, बोटं फाकवून, की मावशी हसल्याच.

शेवटी डावा कान. कानामागची जट निघता निघता ब्लेड करकरलं, मी थांबले, जट ओढून बाजूला टाकली तर स्टीलच्या टेबलावर टिंग. सोन्याची फिरकी, कुडीची. मावशी लगेच म्हणाल्या, "आजींची." विंचरताना आजी गाल टेकवून बसायच्या तिच्यावर, तेव्हाच गेली असणार. ताई एकदम गप्प. मावशींनी फिरकी उचलून ताईंपुढे तळहात धरला, "घ्या ताई, मोजून घ्या." एकच फिरकी, त्यात मोजायचं काय, पण ताईंचा चेहरा बघून मला जे समजायचं ते समजलं. मी उगाच ब्लेड पुसत बसले.

काढलेले केस वजनकाट्यावर ठेवले, १३० ग्रॅम. मावशींना कंगवा चालवून दाखवला, थर थर वेगळा करून मुळापासून, वरवर ब्रश फिरवला की वरून रेशीम दिसतं आणि खाली परत तेच. नुसत्या केसांकडे बघून मांजर घेणाऱ्यांना हे रोजचं काम कुणी सांगतच नाही.

तेवढ्यात आजींचा व्हिडिओ कॉल. "अगं बाई, मुंडन केलंस की माझ्या पोरीचं!" म्हटलं आजी, वाढतील, पण पहिल्यासारखे व्हायला वर्षही लागेल. आजींनी दोन सेकंद सायलीकडे बघितलं आणि विचारलं, "फिरकी सापडली म्हणे? मावशी आहे का तिथे? तिच्याकडे दे फोन."

मावशी पदराला हात पुसत फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेल्या. ताई काउंटरवर बिल भरत होत्या, यूपीआयचा पिन दोनदा चुकला.