वास आला तर कुणीकडं पळू?

आज तीन तास गावातल्या मारुती मंदिराच्या कट्ट्यावर बसलो होतो. एका बाजूला शेजारच्या शीतगृहाचे मालक आणि मॅनेजर, दुसऱ्या बाजूला आम्ही. बेळगावजवळचं आमचं गाव छोटं, पण शीतगृहात गारव्यासाठी वापरतात त्या अमोनिया या विषारी वायूची टाकी अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर.

मालकांनी आल्या आल्या सभामंडप बांधून देतो म्हटलं. निम्मे लोक खूश! तेवढ्यात मागून एक आक्का उठल्या, कडेवर नातू. "मंडप ऱ्हाऊ द्या हो. रात्री दोनला वास आला तर ह्याला घेऊन कुणीकडं पळू, ते सांगा." मॅनेजरांनी फाईल चाळली. उत्तर नव्हतं.

मग खरं बोलणं सुरू झालं. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, धोक्याची माहिती आसपासच्या लोकांना देणं कारखानदारावर बंधनकारक झालं. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून नाकातोंडावर ओलं फडकं धरून वाऱ्याला आडवं निघायचं. एवढं साधंसुद्धा आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी गळती ओळखणारे सेन्सर, सायरन, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि कन्नड-मराठी दोन्हीत सूचनाफलक, एवढं लिहून घेतलं. टाकीभोवतीच्या पाण्याच्या फवाऱ्यांना मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. ते आम्ही सोडलेलं नाही. सोमवारी परत बैठक आहे. आक्का येणार आहेत.