गेलं

बुधवार, 10 जुलै 2024, पहाटे चार

झोप येत नाही म्हणून लिहितेय. आई आत झोपली आहे. बाहेर पाऊस सोमवारसारखा नाही, पण थांबलेलाही नाही.

रात्री साडेबाराला एरियन 6 उडालं. तिकडे दक्षिण अमेरिकेतल्या कूरूच्या तळावर दुपारचे चार वाजले होते, लख्ख उजेड होता आणि ते पांढरंशुभ्र रॉकेट सरळ वर चढून ढगात शिरलं. 2020 चा वायदा, 2024 ला पुरा झाला. मी आवाज बंद ठेवून फोनवर बघत होते आणि माझे हात थरथरत होते. लगेच दादाला एकच शब्द पाठवला, ‘गेलं!’

दहा सेकंदांत त्याचा फोन. ‘आई? काय झालं आईला?’

मी म्हटलं, अरे रॉकेट. तो म्हणाला, ‘कुठलं रॉकेट?’ मग बराच वेळ दोघंही गप्प. ‘झोप आता,’ म्हणाला आणि ठेवून दिला.

कुठलं रॉकेट! हे मला लागलंय. चार वर्षं मी ती पैज जपली आणि हा विसरला? लॉकडाऊनमध्ये आम्हा तिघांना दुसरं होतं काय? एका लग्नपत्रिकेचं पाकीट उसवून नानांनी आतल्या कोऱ्या बाजूवर अजून न उडालेल्या तीन रॉकेटांची नावं लिहिली होती. (ते लग्न तेव्हा झालंच नाही.) ते पाकीट आत्ता माझ्यासमोर आहे. जाड पेन्सिल, प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलेलं, कोपऱ्यात चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ. दादा – न्यू ग्लेन. मी – एरियन 6. नाना – वल्कन. ज्याचं आधी उडेल त्याला बाकीच्या दोघांनी मामलेदारची मिसळ द्यायची.

दादाचं म्हणणं, न्यू ग्लेनच्या मालकाकडे अमाप पैसा आहे, अडणार कशाला? माझं म्हणणं, युरोपातल्या इतक्या देशांची सरकारं मागे आहेत, जुन्या एरियनचा एवढा अनुभव आहे. नानांनी फक्त एक प्रश्न विचारला, ‘इंजिनं कोण देतंय?’ वल्कन आणि न्यू ग्लेन दोघांचं इंजिन एकच, बीई-4, आणि ते बनवणार न्यू ग्लेनचीच कंपनी. वल्कनला दोन लागतात, न्यू ग्लेनला सात. ‘मग झालं तर. कमी माल लागतो त्याचा जॉब आधी सुटतो. शिवाय तो गिऱ्हाईक आहे, त्याचं आधी द्यावंच लागेल.’ वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. आम्ही दोघं रॉकेट बघत होतो, नाना डिलिव्हरी बघत होते.

मार्च 2023 मध्ये चाचणीच्या वेळी वल्कनच्या वरच्या टप्प्याची टाकी फुटली. हायड्रोजन गळला आणि पेटला. मी बातमी वाचून दाखवली. नाना खाटेवर होते. म्हणाले, ‘पातळ पत्रा. आता वर्ष गेलं.’ पत्र्याचं बरोबर निघालं, टाकीला मजबुती द्यावी लागली. वर्ष मात्र नाही, नऊ-दहा महिने लागले.

8 जानेवारीला दुपारी पाऊण वाजता वल्कन उडालं. पहिल्याच झेपेत अचूक. नाना जिंकले. त्याच्यावर चंद्राकडे निघालेलं एक यान होतं, त्यात गळती झाली, ते पोचलंच नाही. काही माणसांची रक्षाही होती त्या उड्डाणात. ते वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला. मिसळ कोणी खाल्ली नाही. दादाला तेव्हा काही कळवलंच नाही मी.

हे लिहिताना आत्ता ध्यानात आलं. मी कळवलंच नव्हतं.

मग विसरला म्हणून त्याच्यावर रुसायचं कशाला? आणि ‘गेलं’! आईचं असतं तर ‘गेली’ लिहिलं असतं, असं मी मघाशी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. पण मध्यरात्री आमच्या घरातून गेलेला शब्द वाचताना लिंग कोण बघतं? मागच्या वेळीही मीच कळवलं होतं. असाच एक शब्द. पावसाळाच होता. त्याला गाडी मिळेपर्यंत पहाट झाली.

आज तो दहा सेकंदांत फोन करतो, ते उगीच नाही.

दीड वाजून गेल्यावर एरियनमधून छोटे उपग्रह सुटले, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नंतर वरच्या टप्प्यातलं एक लहान सहायक यंत्र बंद पडलं आणि शेवटचं प्रज्वलन झालंच नाही. तो टप्पा खाली आणून समुद्रात पाडायचा होता, आता फिरत राहील. तरी माझं रॉकेट उडालं. दुसरा नंबर. मला खरंच आनंद झालाय, एवढ्या गोंधळात तो लिहायचाच राहिला होता.

साडेतीनला दादाचा मेसेज आला. तोही जागाच. ‘माझं उडालं का गं?’

पैज आहे लक्षात त्याच्या. लिहिलं, नाही अजून. या वर्षात उडवू म्हणतायत. मग लिहिलं, नाना जानेवारीतच जिंकले, तुला सांगायचं राहिलं. निळ्या खुणा आल्या. पाच मिनिटांनी उत्तर, ‘रविवारी येतो. मिसळ घेऊन घरीच. आईलाही.’

आईला तिखट चालत नाही आता. तिच्यासाठी कमी तर्रीची सांगावी लागेल. पाकीट परत पंचांगात ठेवते. न्यू ग्लेनच्या वेळी दादाला ‘उडालं’ लिहायचं, रॉकेटच्या नावासकट, आणि तेही सकाळ झाल्यावर.