तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा खरे कोण?

दिवाळी अंकात ती कथा आली त्याला दहा-बारा वर्षं झाली, तरी प्रश्न थांबत नाही. परवा बँकेत पासबुक भरून घेताना एका बाईंनी गाठलं. "तुमचे ते अण्णा खरे कोण हो?" आणि पाठोपाठ ठरलेलं, "इतका नीच माणूस सुचतो तरी कसा?"

सुचत नाही हो. पहिल्या खर्ड्यात सुचला होता. तो वाड्याचा मालक मिशा पिळायचा, विधवा भाडेकरणीचं सामान रस्त्यावर फेकायचा. वाचून मलाच जांभई आली. मग त्याला माणसात आणला. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, नारायण पेठेत पाणी शिरलं. ओसरल्यावर अण्णा स्वतः चिखल उपसतात, भाडेकऱ्यांच्या गाद्या आपल्या गच्चीवर वाळत घालतात, आठवडाभर सगळ्यांना पिठलं-भात घालतात. आणि पुढच्या महिन्यात, सुपारी कातरत, त्या विधवेला मऊ आवाजात विचारतात, "मागच्या पावत्या तेवढ्या दाखवता का?"

पावत्या नदीत गेल्यात, हे गाद्या वाळत घालणाऱ्याला ठाऊक नसेल?

त्यांची बाजूही लिहिली. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठलेली, महिन्याच्या सहा रुपयांत कौलं कशी शाकारायची? काही वाचकांना ते पटतं, आणि पटल्याचा राग माझ्यावर निघतो. त्याला मी काय करू?

तर, खरे कोण. इतकी वर्षं "काल्पनिक" म्हणत आलो. खोटं बोललो. अण्णा म्हणजे माझे सख्खे काका. ते गेल्यावर लिहिलं, एवढीच माझी हिंमत.

अंक आला आणि चौथ्या दिवशी काकूचा फोन. "येऊन जा." ऐंशी पार केलेली. अंक मांडीवर, उघड्या पानावर चष्म्याचं घर. मी तयारी करून गेलो होतो, लेखकाचं स्वातंत्र्य वगैरे. तिने चहा दिला, बेसनाचा लाडू दिला. मग म्हणाली, "एक चुकलंय. ह्यांना अडकित्ता धरता यायचा नाही. सुपारी मी कातरून द्यायचे."

"काकू, गोष्टीत तेवढं चालतं."

"त्या दिवशीपण मीच दिली. शेजारीच बसले होते. तिने आधी माझ्याकडे बघितलं होतं."

पुढे काही बोलली नाही. मी लाडू संपवला, दुसरा घेतला.

काकांना उघडं पाडलं याची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आजही नाही. पण शिबिरांत मीच पोरांना सांगतो, घाशीराम लिहायचाय तर नाना फडणवीस वगळू नका. कोतवाली नानांच्याच कारभारात मिळाली, १७७७ साली. १७९१ मध्ये जमावाने दगडांनी ठेचला तो मात्र एकटा घाशीराम. इतकं शहाणपण पाजळणाऱ्याने स्वतःच्या कथेत शेजारी बसलेली बाई सरळ गाळली होती. म्हणे, मला माहीतच नव्हतं. अडकित्ता तिच्या हातात मी लहानपणापासून बघत आलो होतो की.

पुस्तक निघालं तेव्हा प्रूफावर पेन्सिलने तिला बसवलंही. मग खोडलं. संपादक म्हणाले, आहे तेच धारदार आहे. मी लगेच मान डोलावली. ती हयात आहे, हे तेव्हाचं कारण. आता तीही नाही. दुसऱ्या आवृत्तीची प्रूफं महिनाभर टेबलावर पडून आहेत, आणि सुपारी अजून अण्णाच कातरतायत.